लांब केबलवर आवाज दबतो, भरून आणलेली कॉईल पुन्हा जळते: स्किन इफेक्टला कुठे धरायचं, कुठे सोडायचं

तक्रार दरवर्षी त्याच रूपात येते. श्रावणातल्या पारायणांपासून सुरू होते, गणपतीत वाढते आणि शिवजयंतीच्या चित्ररथांपर्यंत पुरते. टॉप (वरचा स्पीकर बॉक्स) मशीनजवळ, म्हणजे अँप्लिफायरजवळ, लावला की खणखणीत वाजतो. तोच टॉप मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेला की आवाज दबतो. टाळांची कड जाते, खालचा आवाज मात्र घुमत राहतो. खानापूरकडचे एक पारायणवाले म्हणाले ते अगदी नेमकं होतं: "आवाज पोचतोय वो, पण शब्दच कळंना झालेत की." केबल बदलली की एखादा कार्यक्रम बरा जातो आणि पुन्हा पहिले पाढे.

दुसरी तक्रार रिपेअरिंगवाल्यांची. अँप्लिफायरच्या एसएमपीएसचा (वेगानं चालू-बंद होणाऱ्या पॉवर सप्लायचा) ट्रान्सफॉर्मर नाहीतर क्लास-डी बोर्डावरचा (तशाच स्विचिंगवर चालणाऱ्या अँप्लिफायरचा) चोक, म्हणजे कॉईल, जळाला म्हणून नवी तार गुंडाळून, भरून आणला. मीटरवर सगळं ओके, चालू केल्यावरही ओके. तासाभरानं मात्र वास येतो.

हल्ली दोन्ही तक्रारींवर दुकानात एकच उत्तर मिळतं: "स्किन इफेक्ट आहे, भारीतली केबल घ्या." स्किन इफेक्ट म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या बाहेरच्या सालीतूनच वाहू लागणं. माझं मत सरळ आहे. पहिल्या तक्रारीत स्किन इफेक्टचा वाटा नावापुरता असतो आणि दुसऱ्या तक्रारीत तोच मुख्य संशयित असतो. नेमकं उलटं धरलं जातं, म्हणून दोन्ही दुखणी परत परत येतात. केबलचा दोष साध्या मीटरवर सापडतो, पण तो कोणी लावत नाही. कॉईलचा दोष मीटरवर दिसत नाही आणि तिथे मात्र सगळे मीटरवरच विसंबतात.

आधी आकडे. तारेतून एसी करंट वाहतो तेव्हा त्याचं चुंबकीय क्षेत्र तारेच्या आतही सतत बदलत असतं. त्या बदलामुळे तारेतच भोवरा-प्रवाह तयार होतात. मधल्या भागात ते मूळ करंटला विरोध करतात, कडेला त्याला साथ देतात. फ्रिक्वेन्सी वाढत जाते तसा करंट बाहेरच्या सालीकडे सरकतो. होरेस लँब यांनी 1883 मध्ये चेंडूसारख्या गोल वाहकांसाठी हे मांडलं आणि 1885 मध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी ते कुठल्याही आकाराच्या वाहकाला लागू करून दाखवलं. करंटची घनता पृष्ठभागाच्या सुमारे 37 टक्क्यांवर येते त्या खोलीला स्किन डेप्थ म्हणतात. तांब्यासाठी ती काढायला डोक्यात एवढंच ठेवा: 66 ला फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळानं भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. 50 हर्ट्झला सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास, 1 किलोहर्ट्झला 2.1, 10 किलोहर्ट्झला 0.66, 20 किलोहर्ट्झला 0.47, 100 किलोहर्ट्झला 0.21.

आपल्याकडे हा परिणाम डोळ्यांनी बघायचा असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस (चुंबकीय क्षेत्रानं धातू वितळवणारी भट्टी) बघून या. तिची कॉईल भरीव तांब्याची नसते, नळीची असते आणि नळीतून पाणी फिरवलेलं असतं. 500 हर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ तीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. मधलं तांबं असून नसल्यासारखंच, मग तिथून पाणी का सोडू नये? शेकडो अँपिअर, जाड वाहक आणि सतत चालणारं काम असलं की स्किन इफेक्ट असा पैशांत मोजता येतो.

आता तोच हिशोब मांडवातल्या केबलला लावू. मशीनपासून टॉप 40 मीटरवर आहे आणि केबल दीड स्क्वेअर मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची, दोन कोअरची आहे. जायची-यायची मिळून तार 80 मीटर. रेझिस्टन्स साधारण 1.06 ओहम. 8 ओहमच्या बॉक्सला यात सुमारे 1.1 डेसिबलचा तोटा होतो. 20 किलोहर्ट्झला स्किन इफेक्टमुळे हा रेझिस्टन्स फार तर नऊ टक्के वाढतो, म्हणजे 1.16 ओहम होतो. जास्तीचा तोटा 0.1 डेसिबल. एवढा फरक ऐकणारा कान बेळगावात असेल तर तो मांडवात बसून ढोल ऐकत नसणार. शिवाय हे गणित 20 किलोहर्ट्झचं आहे. शब्द कळायला जी फ्रिक्वेन्सी लागते ती बहुतेक 1 ते 5 किलोहर्ट्झमध्ये असते आणि तिथे ही वाढ मोजण्यासारखीसुद्धा नाही.

मग आवाज दबतो कशानं? बहुतेक वेळा साध्या रेझिस्टन्सनं. बाजारात स्पीकर वायर म्हणून तेवीस-शहात्तर मिळते. म्हणजे 0.0076 इंच जाडीच्या 23 तारा, एकूण जेमतेम 0.67 स्क्वेअर मिलिमीटर. तीच 40 मीटर ओढली तर जाऊन-येऊन दोन ओहम. 8 ओहमच्या बॉक्सला मशीनच्या टोकाशी मिळाली असती त्याच्या साधारण 64 टक्के पॉवर पोचते. त्यात दोन बॉक्स पॅरलल करून 4 ओहम केले की ती 44 टक्क्यांवर येते. मंडळवाला म्हणतो मशीन कमी पडतंय, आणखी मोठं मशीन आणतो. ते मशीन मग केबल तापवतं.

आता 'घुमतो' या शब्दाकडे या. स्पीकरचा इम्पीडन्स (एसी करंटला होणारा एकूण अडथळा) सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो. बॉक्सवर 8 ओहम लिहिलेलं असलं तरी वूफरच्या (खालच्या आवाजाच्या स्पीकरच्या) रेझोनन्सजवळ, म्हणजे तो आपसूक घुमतो त्या फ्रिक्वेन्सीजवळ, तो कितीतरी पट वर जातो आणि मधल्या पट्टीत खाली येतो. केबलमध्ये दोन-तीन ओहम अडकले की जिथे इम्पीडन्स कमी तिथे तोटा जास्त, जिथे जास्त तिथे तोटा कमी. म्हणजे बोलण्याची पट्टी दबते आणि रेझोनन्सजवळचा बेस वर राहतो. शिवाय वूफरच्या कोनला थांबवणारा मशीनचा ताबाही सुटतो. झांज गेली, घुमणं राहिलं. वरची फ्रिक्वेन्सी सालीतून वाहते म्हणून अडली असं वाटतं, पण मुळात खालची कमी अडलेली असते.

ट्रेबल खरोखरच केबलमध्ये जातो असा एक प्रकार आहे आणि तो मांडवातच सापडतो. घरच्या वायरिंगची सुटी सिंगल तार शिल्लक असते. ती वापरताना एक तार या खांबांवरून ओढतात, दुसरी त्या कनातीवरून. दोन्हींत फूटभर अंतर. जवळजवळ चिकटलेल्या दोन कोअरच्या केबलमध्ये मीटरमागे साधारण 0.6 ते 0.7 मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) असतो. फूटभर अंतरावरच्या दोन तारांत तो अडीच मायक्रोहेन्रीच्या घरात जातो. 40 मीटरला 100 मायक्रोहेन्री झाले. 10 किलोहर्ट्झला ही 6.3 ओहमची अडचण, 20 किलोहर्ट्झला 12.6 ओहमची. 8 ओहमच्या बॉक्सला 10 किलोहर्ट्झवर तारेच्या रेझिस्टन्सखेरीज आणखी पावणेदोन डेसिबल जातात, 20 वर साडेचार डेसिबलहून जास्त. स्किन इफेक्टचा 0.1 डेसिबल याच्या पासंगालाही पुरत नाही. उपाय फुकटचा आहे. दोन्ही तारा एकत्र पिळून घ्या.

उरलेली दोन कोअरची केबल गुंडाळून मशीनमागे टाकली म्हणून ट्रेबल जातो, असं पुष्कळ जण छातीठोक सांगतात. तसं होत नाही. जाणारा आणि येणारा करंट एकाच आवरणात शेजारी असतो, दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात. वेटोळं करा, पाहिजे तर पायाखाली घ्या. मेन्सची एक्स्टेन्शन मात्र रीलवर गुंडाळलेली ठेवून मोठा लोड घेऊ नका. ती उष्णता बाहेर जायला जागा नसल्यामुळे वितळते, ते प्रकरण निराळं.

तपासायला बसाल तर या क्रमानं. पहिल्यांदा टॉप मशीनजवळ आणून दोन मीटर केबलवर वाजवा. इथेही दबका वाजला तर केबलला हात लावू नका. हाय फ्रिक्वेन्सी ड्रायव्हरचा डायफ्राम गेलेला असेल किंवा क्रॉसओव्हरमधला (वरचा-खालचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर वाळला असेल. जवळ चांगला आणि लांब वाईट असेल तर मशीन बंद करा, केबल दोन्हीकडून सोडवा, लांबच्या टोकाला दोन्ही कोअर एकमेकींना पिळा आणि जवळच्या टोकाला मीटर लावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा, कारण पिनांचेच दोन-तीन दशांश ओहम असतात. उरलेला आकडा बॉक्सच्या इम्पीडन्सच्या पाच टक्क्यांत बसला तर उत्तम, दहा टक्क्यांपर्यंत चालेल. त्यापुढे केबल जाड करा नाहीतर मशीन जवळ न्या. मशीन जवळ नेणं हा सर्वात स्वस्त उपाय असून सर्वात कमी वापरला जातो, कारण मशीन स्टेजजवळ दिसलं पाहिजे असं मंडळांना वाटतं.

आकडा हिशोबापेक्षा बराच जास्त आला तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे सांधे. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात उघडं तांबं एका मोसमात कळकतं. केबलचं टोक सोलल्यावर तार काळपट किंवा हिरवट दिसली तर लकाकणारं तांबं लागेपर्यंत कापत मागे या. पिळून टेप मारलेला सांधा पावसाळ्यानंतर धरायचाच नाही. दुसरी शक्यता म्हणजे तार तांब्याची नसणं. आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा अशी तार राजरोस विकली जाते. तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट असतो. एक तार घेऊन ब्लेडनं खरवडा, पांढरं निघालं की समजा. बंडल हातात घेतलं तरी कळतं, ते चमत्कारिक हलकं लागतं.

यावर विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: "करंट तर सालीतूनच जातो, साल तांब्याची आहे." रेडिओ फ्रिक्वेन्सीला हे खरं आहे आणि अँटेनाच्या कोअॅक्स केबलमध्ये असली तार रीतसर वापरतात. पण 20 किलोहर्ट्झला साल 0.47 मिलिमीटर खोल असते आणि स्पीकर वायरमधली एकेक तारच जेमतेम 0.2 मिलिमीटरची. करंट अख्ख्या तारेतून वाहतो, अॅल्युमिनियमसकट. 'मल्टिस्ट्रँड असल्यामुळे स्किन इफेक्ट कमी' हाही तसलाच प्रकार. उघड्या तारा एकमेकींना चिकटून असल्या की करंटच्या दृष्टीनं ती एकच जाड तार होते. मल्टिस्ट्रँड घ्यायची ती लवचीक असते आणि मोडत नाही म्हणून.

देवळावरच्या कर्ण्यांची 100 व्होल्ट लाइन (ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज वाढवून लांब पाठवायची पद्धत) असेल तर ही सगळी काळजी सोडा. 30 वॉटचं युनिट त्या लाइनवर सव्वातीनशे ओहमच्या वर दिसतं, केबलचे दोन ओहम त्यात कुठेच नसतात. तिथे आवाज दबला तर लाइन ट्रान्सफॉर्मरचं टॅपिंग बघा.

माइकची केबल मात्र तपासा. जुने हाय इम्पीडन्स माइक अजून भजनी मंडळांकडे आहेत. 50 किलोओहमचा माइक आणि मीटरमागे 100 पिकोफॅरडची शील्ड केबल 20 मीटर ओढली तर 1.6 किलोहर्ट्झच्या आसपासच वरचा आवाज उतरायला लागतो. 'शब्द कळंना' याचं हे हमखास कारण. 200 ओहमच्या बॅलन्स्ड माइकला तीच केबल लावली तर ती मर्यादा चारशे किलोहर्ट्झजवळ जाते, म्हणजे कानाच्या कितीतरी पलीकडे. स्पीकरच्या केबलवर हजारो रुपये घालण्याआधी माइक बदला.

आता दुसरी तक्रार, जिथे स्किन इफेक्टला खरोखर धरायचं. क्रॉसओव्हरच्या कॉईलला यातून सोडून द्या. वूफरच्या सिरीजमधली कॉईल वरच्या फ्रिक्वेन्सीला अडवायलाच बसवलेली असते, तिथे तिचा रेझिस्टन्स थोडा वाढला तर नुकसान कुणाचं? तिथे डीसी रेझिस्टन्स कमी असला म्हणजे झालं. अडचण आहे ती स्विचिंगच्या कॉईलची.

जळालेला एसएमपीएस ट्रान्सफॉर्मर उकलून बघा. वरची टेप शाबूत, वरचा थर लालसर चकचकीत. दोन थर उलगडले की वार्निशचा रंग चहासारखा होतो आणि प्रायमरी-सेकंडरीच्या (वीज आत घेणाऱ्या आणि बाहेर देणाऱ्या वाइंडिंगच्या) सीमेवर आलात की इनॅमल, म्हणजे तारेवरचा इन्सुलेशनचा लेप, नखानं सोलून निघतं. नुसता ओव्हरलोड असता तर हानी इतकी नेमकी एका जागी साचली नसती. हा प्रॉक्सिमिटी इफेक्ट, स्किन इफेक्टचा सख्खा भाऊ. तार स्वतःच्या क्षेत्रामुळे करंटला कडेला ढकलते, तशी शेजारच्या थरांची क्षेत्रंही ढकलतात आणि थर वाढतील तशी ती साचत जातात. सर्वात जास्त ताण दोन वाइंडिंगच्या सीमेवर येतो.

भरणारा काय करतो? जुन्या मोटारी आणि लोखंडी पत्र्यांचे ट्रान्सफॉर्मर भरण्यात हात बसलेला असतो. मूळ ट्रान्सफॉर्मरमध्ये पिळलेल्या दहा-पंधरा बारीक तारा निघाल्या की तो तेवढ्याच क्षेत्रफळाची एक जाड तार घालतो. 50 हर्ट्झला हे अगदी बरोबर आहे. 65 किलोहर्ट्झला स्किन डेप्थ 0.26 मिलिमीटर असते. 18 गेजची तार 1.22 मिलिमीटर जाड. ती एकटी असती तर तिचा रेझिस्टन्स साधारण दीडपट झाला असता. तीन थर एकावर एक आले की एसी करंटसाठी तोच वीस पटींपर्यंत जाऊ शकतो. मीटर डीसीवर मोजतो, त्याला तार भरघोस जाड दिसते, आकडा मूळपेक्षाही चांगला येतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर ओके ठरतो, बसवला जातो आणि परत येतो.

दुरुस्ती करताना नियम एवढा धरा की एकेका तारेची जाडी स्किन डेप्थच्या दुपटीपेक्षा जास्त नको. 65 किलोहर्ट्झला अर्ध्या मिलिमीटरच्या आत. 18 गेजच्या जागी 30 गेजच्या 15 तारा पिळून घेतल्या की क्षेत्रफळ तेवढंच भरतं. थर मूळ क्रमानंच चढवायचे. मूळ ट्रान्सफॉर्मरमध्ये अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी असेल तर ती चैन म्हणून केलेली नसते. सीमा दोन झाल्या की प्रत्येक सीमेवरचं क्षेत्र निम्मं होतं. भरताना 'सोपं पडतं' म्हणून सगळी प्रायमरी एकदम आत घातली की घोळ पक्का.

क्लास-डीच्या आउटपुट चोकमध्ये तार बरोबर असूनही तो तापला तर कोअर बघा. पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा पावडर कोअर जुन्या कॉम्प्युटर सप्लायमधून सहज मिळतो आणि तोच उचलून बसवला जातो. तीन-चारशे किलोहर्ट्झच्या रिपलला (स्विचिंगमुळे उरणाऱ्या करंटच्या चढउताराला) तो स्वतःच तापतो, तिथे तारेला दोष देऊन उपयोग नाही. जुना कोअर फुटला नसेल तर तोच वापरा.

इंडक्शन शेगडीच्या कॉईलमध्ये हीच गोष्ट उघड्यावर बघायला मिळते. 20 ते 30 किलोहर्ट्झचं काम, म्हणून प्रत्येक तारेला स्वतंत्र इनॅमल असलेला लिट्झ वायरचा पीळ. ही कॉईल जळते ती बऱ्याचदा टोकाशी. लग (टोकाची जोडपट्टी) तुटला म्हणून पुन्हा सोल्डर करताना बाहेरच्या तारांचंच इनॅमल जातं, आतल्या तशाच राहतात. काही इनॅमल सोल्डरच्या उष्णतेनंच निघतं, काही खरवडावंच लागतं. टोक दाबून सपाट केलंत तर कडेला सोल्डर चढलेलं आणि मध्ये तपकिरी ठिपके दिसतील. तेवढ्या तारांतून करंट जातच नाही आणि उरलेल्या तारा त्यांचा भार वाहून तापतात. टोक पसरवून प्रत्येक तारेवर सोल्डर धरलंय ना ते भिंगानं बघा.

वाइंडिंगला देताना कागदावर चार गोष्टी लिहून द्या: स्विचिंग फ्रिक्वेन्सी, एका तारेचं गेज, पिळातल्या तारांची संख्या आणि थरांचा क्रम. 'पहिल्यासारखं भरा' म्हणून देऊ नका. परत आल्यावर मीटरवर न थांबता अर्ध्या लोडवर अर्धा तास चालवा. मग प्लग काढा, मोठ्या कपॅसिटरवरचा सव्वातीनशे व्होल्टचा डीसी रेझिस्टरनं उतरवा, मीटरनं शून्य झाल्याची खात्री करा आणि त्यानंतरच वाइंडिंगला बोट लावा. बोट टेकवून ठेवता आलं नाही तर तो ट्रान्सफॉर्मर गिऱ्हाइकाला देऊ नका.